'विकेंद्रीकरण' म्हणजे नक्की काय? एक मराठी शब्द, तीन इंग्रजी शब्द आणि आपलं पिंपरी-चिंचवड

पीएचडीचा विषय काय, असं कोणी विचारलं की मी सांगते, "शहरातल्या सत्तेचं विकेंद्रीकरण." समोरची व्यक्ती मान डोलावते आणि विषय संपतो. शब्द ओळखीचा आहे, म्हणून अर्थही ओळखीचा वाटतो. खरी अडचण तिथेच आहे. इंग्रजीत संशोधक ज्या गोष्टींना तीन वेगळी नावं देतात, त्या सगळ्यांना आपण मराठीत बहुतेक वेळा 'विकेंद्रीकरण' हा एकच शब्द वापरतो. त्यामुळे कोणी "सत्तेचं विकेंद्रीकरण केलं" असं म्हटलं, तर नक्की काय केलं हे कळतच नाही.

शब्द तसा जुना आहे. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये जी समिती नेमली गेली, तिचा विषयच लोकशाही विकेंद्रीकरण होता. तिच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे हा शब्द आपल्याकडे गावाच्या, जिल्ह्याच्या कारभारातून रुळला. शहरांच्या वाट्याला तो बराच उशिरा आला.

आता ते तीन शब्द बघू. डेनिस रॉन्डिनेली या अभ्यासकाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली मांडणी आजही वर्गात शिकवली जाते. त्यात मुख्य प्रकार तीन: डीकॉन्सन्ट्रेशन, डेलिगेशन आणि डिव्हॉल्यूशन. (चौथा खासगीकरणाचा, तो आज बाजूला ठेवू.)

पुस्तकी व्याख्या देण्यापेक्षा शेतजमिनीचं उदाहरण घेते. लांबच्या शेतावर मालकाने गडी ठेवला. गडी तिथे राहतो, रोजची कामं बघतो, पण काय पेरायचं ते मालक ठरवतो. हे झालं डीकॉन्सन्ट्रेशन. दुसरा प्रकार म्हणजे जमीन अर्धलीने कसायला दिली. कसणारा बरंचसं स्वतः ठरवतो, पण मालकाने मनात आणलं तर पुढच्या हंगामात जमीन परत घेईल. हे डेलिगेशन; सरकारी मराठीत याला 'प्रत्यायोजन' असा जड शब्द आहे. तिसरा प्रकार वाटणीचा. रीतसर वाटणी झाली, सातबारा तुमच्या नावावर चढला. आता काय पेरायचं, कर्ज काढायचं की विहीर खणायची, हे तुम्ही ठरवणार आणि नफा-तोटाही तुमचाच. हे डिव्हॉल्यूशन.

म्हणून कसोटी एकच: सातबारा कोणाच्या नावावर आहे? दिलेला अधिकार देणारा सहज परत घेऊ शकतो का?

तिन्ही प्रकार, एकाच शहरात

पिंपरी-चिंचवडमध्ये हे तिन्ही प्रकार बघायला मिळतात.

महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: अ, ब, क, ड, इ, फ, ग आणि ह. ड्रेनेज तुंबलं, कचरा उचलला नाही, तर मुख्य इमारतीपर्यंत जावं लागत नाही. नागरिकासाठी ही मोठी सोय आहे. पण तिथला अधिकारी आयुक्तांच्या हाताखालचा आहे आणि मोठे निर्णय वरच होतात. कार्यालय जवळ आलं म्हणून सत्ता जवळ आली असं होत नाही. हे डीकॉन्सन्ट्रेशन.

डेलिगेशनचं उदाहरण म्हणजे 'प्राधिकरण'. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण राज्य सरकारने १९७२ मध्ये स्थापन केलं. जमीन संपादन करायची, पेठा आखायच्या, घरं आणि प्लॉट द्यायचे, हे काम राज्याने या संस्थेकडे सोपवलं. २०२१ मध्ये राज्यानेच ती संस्था पीएमआरडीएत विलीन केली आणि काही भाग महापालिकेकडे दिला. ज्याने दिलं त्याने घेतलं. प्राधिकरणाच्या कामाबद्दल तुमचं मत काहीही असो, जवळपास पन्नास वर्षं चाललेली संस्था शहरात एकही मत न पडता बंद होऊ शकली.

आणि डिव्हॉल्यूशन? त्याची जागा महापालिकेची. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि महापालिकांना राज्यघटनेत स्थान मिळालं. बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादीही आली. कागदावर वाटणी झाली. पण सातबारा खरंच नावावर चढला का? तीन गोष्टी तपासून बघू.

निर्णय, पैसा, मुदत

पहिली गोष्ट निर्णयाची. महाराष्ट्रातल्या महापालिका कायद्यानुसार प्रशासन चालवण्याचे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. महापौर सभा चालवतात. स्थायी समितीचे १६ सदस्य खर्चाला मंजुरी देतात. पण गाडीचं स्टिअरिंग ज्याच्या हातात, तो आपण निवडलेला नसतो.

दुसरी गोष्ट पैशाची. कारखान्यांमुळे जकात भरपूर, म्हणून या महापालिकेला श्रीमंत म्हटलं जायचं. एप्रिल २०१३ मध्ये जकात जाऊन एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी रद्द झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि उरलेलाही गेला. आता राज्य सरकार भरपाई देतं, तीही कायद्याने ठरवून, दरवर्षी ८ टक्के वाढ धरून. नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवतात त्यांना जकात परत नकोच असेल, मलाही नको. मुद्दा वेगळा आहे. स्वतः कर बसवून मिळवलेला रुपया आणि वरून आलेला रुपया बँकेत सारखाच दिसतो, पण पहिल्याचा दर तुमची सभा ठरवते आणि दुसऱ्याचा विधिमंडळ.

तिसरी गोष्ट मुदतीची. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की सभागृहाची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. इथली मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात राहिले आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. त्या काळात अंदाजपत्रक कोणी मंजूर केलं? प्रशासकानेच मांडलं, प्रशासकानेच मंजूर केलं. रस्ते झाले, दिवे लागले, पण "आमच्या भागात का नाही?" असं सभागृहात विचारणारं कोणी नव्हतं.

या सगळ्याचं मूळ एका छोट्या इंग्रजी शब्दात आहे. कलम २४३-डब्ल्यूमध्ये राज्य विधिमंडळ पालिकांना अधिकार 'मे' देईल असं आहे, 'शॅल' नाही. म्हणजे देऊ शकेल. दिलेच पाहिजेत असं नाही. निवडणुकीबाबत घटना सक्तीची भाषा वापरते, अधिकारांबाबत मात्र राज्यावर सोडते. म्हणून एकाच घटनेखाली राज्याराज्यांत फरक पडतो. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना सुरू केली, तेव्हा राज्याच्या योजना खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. 'मे' तिथेही तोच होता.

मग सगळंच खाली द्यावं का? नाही. पवना मावळात उगम पावते, शहरातून वाहते आणि पुढे मुळेला मिळते. नदीचं पाणी आणि प्रदूषण महापालिकेची हद्द बघत नाही. तिथे वरची यंत्रणा लागतेच. शिवाय अधिकार खाली आले म्हणजे ते सर्वांपर्यंत पोचले असंही नाही, चार वजनदार लोकांपाशी अडकू शकतात. डिव्हॉल्यूशनमुळे कारभार चांगलाच होईल याची हमी नाही. पण चुकलं तर कोणाला धरायचं हे कळतं, आणि त्याला पाच वर्षांनी घरी बसवता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीत 'विकेंद्रीकरण' दिसलं की तीन प्रश्न विचारा. निर्णय घेणारा कोणाला उत्तर देतो? पैसा कोणाच्या हातचा आहे? आणि दिलेलं परत घ्यायला किती वेळ लागेल? तिसऱ्याचं उत्तर "एक अधिसूचना" असं असेल, तर ती वाटणी नाही. जमीन अजून अर्धलीनेच दिलेली आहे.