बेचकीचे रबर

उन्हाळ्याची सुटी लागली की बऱ्हाणपुरात मुलांच्या खिशांतून बेचक्या डोकावू लागतात. आपल्या मराठी घरांतली मुलेही तिला आता ‘गुलेल’च म्हणतात. आमची त्याला हरकत नाही, कारण हा शब्द या गावाला परका नव्हे. मोगलांच्या काळी बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे होते, आणि तेव्हाची गुलेल म्हणजे मातीच्या गोळ्या मारण्याचे धनुष्य. त्याला रबर नव्हते, असणार कोठून? गंधक घालून तापविले की रबर टिकाऊ होते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांस उमगले ते १८३९ साली. पुढे सायकलची ट्यूब गावोगाव पोचली, आणि बाभळीच्या किंवा पेरूच्या बेचक्याला तिच्या पट्ट्या बांधण्याची युक्ती मुलांस सापडली.

लाकूड वर्षानुवर्षे टिकते. मरते ते रबर. आणि ते तुटण्याच्या पुष्कळ आधी मरते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आमच्या आळीतील एका मित्राची बेचकी तीन उन्हाळे जुनी होती. फाट्याशी बांधलेला दोरा सैल झाला, म्हणून आम्हीच हौसेने तेथे विजेच्या वायरीतील तांब्याची तार आवळून दिली. दुसऱ्याच दिवशी त्याने गालापर्यंत पट्ट्या ताणल्या, आणि त्यांतील एक नेमकी तारेखाली तुटली. सुटलेले टोक सपकन उलटून त्याच्या डोळ्यावर बसले. डोळा राहिला; नजर मात्र पूर्वीसारखी झाली नाही. त्याने आम्हांस कधी बोल लावला नाही, हे आम्हांस अजून बोचते.

तारेची कड रबरात रुतते, आणि रुतलेल्या जागेतून चीर पुढे सरकते. शिवाय तांब्याच्या सहवासात नैसर्गिक रबर लवकर बिघडते. बांधण्यास सुती दोरा बरा. त्याहून बरी त्याच ट्यूबची अरुंद पट्टी. पट्टी कापावी ती धारदार पात्याने, एका दमात. बोथट कात्रीने कडेला दाते पडतात, आणि प्रत्येक दाता ही उद्याची चीर असते.

किती दिवस टिकेल, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर दिवसांत देता येत नाही. पुरेपूर ताणली जाणारी पट्टी लवकर जाते, बेताने ताणली जाणारी पुष्कळ टिकते. आपल्याकडील वैशाखाचे ऊन तिचा मोठा वैरी. पत्र्यावर विसरलेली बेचकी आठवड्याभरात वर्षाची म्हातारी होते, असे म्हटले तरी चालेल. ताणलेल्या स्थितीत खिळ्याला अडकवून ठेवू नये. हवेतील ओझोन ताणलेल्या रबरालाच आडव्या चिरा पाडतो. रॉकेल, गोडे तेल, डोक्याचे तेल यांनी रबर फुगते व लिबलिबीत होते. मळली तर साध्या साबणाच्या पाण्याने धुवावी, सावलीत वाळवावी आणि शंखजिऱ्याची पूड लावून डब्यात ठेवावी. पंक्चर काढणारा ट्यूबला लावतो तीच ही पूड. हल्लीच्या पुष्कळ सायकलींत ब्यूटाइलची ट्यूब असते. ती हवा छान धरते, पण तिला जुन्या रबराची उसळी नाही. मग मुले अधिकच ताणतात.

पाहणी मात्र रोज करावी. पट्टी किंचित ताणून उजेडात धरावी. फाट्याजवळ आणि कातड्याजवळ बोट फिरवावे. बारीक आडव्या रेघा, चिकटपणा, टणक झालेली कड यांपैकी एकही दिसले, तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बदलाव्यात. एकच बदलली तर ताण सारखा राहत नाही आणि नेमही जातो. (नेम रिकाम्या डब्यावर धरावा; बहुतेक रानपाखरे मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.)

काढलेल्या पट्ट्या तशाच टाकू नयेत, कात्रीने तुकडे करून टाकाव्यात. नाहीतर त्या खेळण्यांच्या पेटीत परत जातात आणि पुढल्या सुटीत धाकट्याच्या हाती लागतात.