पत्त्यांतले योद्धे – भाग ७ : वॉरलॉकने रक्त देऊन काय घेतलं?

ड्रुइड आज येणार होता. अस्वल, मांजर, झाड अशी रूपं पालटणाऱ्या माणसाला तीस पानांच्या डेकमध्ये कसं कोंबलं ते सांगतो, असं मी कबूल केलं होतं. त्याला पुढच्या आठवड्यावर ढकलतो. लातूरहून एक पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न डोक्यातून जाता जात नाही.

पत्र लिहिणारे गृहस्थ नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग करत असताना 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (वॉव) खेळायचे, आणि खेळायचे तर वॉरलॉक हाच क्लास. आता मुलीची नीटची ट्यूशन सुटेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून फोनवर हार्थस्टोन, म्हणजे वॉववरचाच पत्त्यांचा खेळ, लावतात. (लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी ताटकळणारे बाप फोनमध्ये डोकं घालून काय करत असतात, त्याचा थोडा उलगडा झाला.) त्यांची तक्रार लाइफ टॅपबद्दल आहे. वॉवमध्ये वॉरलॉकने लाइफ टॅप केला की त्याचा हेल्थ घटायचा आणि मॅना वाढायचा. हार्थस्टोनमध्ये त्याच नावाची हिरो पॉवर आहे, पण तिथे आधी २ मॅना मोजायचा, वर स्वतःच २ चा मार खायचा, आणि मिळतं काय, तर एक पान. मॅना मिळायचं राहिलं बाजूला, होता तोही गेला. मग नाव तेवढं उचललं आणि आतला माल बदलला, असंच ना, असा त्यांचा सवाल.

नाही, असं नाही. मार्च २०१४ मध्ये हार्थस्टोन बाजारात आला तेव्हा वॉवचे २००४ चे मूळ नऊही क्लास त्यात होते. त्या नऊ हिरो पॉवरींत मला लाइफ टॅपच सगळ्यात इमानी वाटते.

वॉवमध्ये मंत्र टाकणाऱ्याला टंचाई कशाची असायची ते आठवा. मंत्राची कधीच नाही. शॅडो बोल्ट एकदा शिकलात की जन्मभर तुमचा, हजार वेळा टाका. टंचाई मॅनाची. लांबलेल्या लढाईत बॉस अजून उभा आणि तुमची निळी पट्टी तळाला गेलेली, अशी वेळ आली की मेज असो की प्रीस्ट, हात चोळत उभा. लढाई संपल्यावर खाली बसून पाणी प्यायचं, तेव्हा कुठे पट्टी भरायची. त्या सगळ्यांत एकटा वॉरलॉक असा, की ज्याने स्वतःची हेल्थची हिरवी पट्टी कापून निळी भरायची आणि पुन्हा सुरू व्हायचं.

पत्त्यांत सगळं उलटं होतं. मॅना आपोआप येतो. पहिल्या टर्नला १, दुसऱ्याला २, असं करत १० पर्यंत, आणि दर टर्नला पूर्ण भरून. त्यासाठी काही करावं लागत नाही. संपतात ती पानं. फायरबॉल टाकला की गेला. डेक तीसचा, दर टर्नला वरून एकच पान उचलायचं, आणि सहाव्या-सातव्या टर्नला बहुतेकांच्या हातात दोन-तीन पानं उरलेली. म्हणजे टंचाई मॅनाकडून हाताकडे सरकली. वॉरलॉक जे सर्वांत दुर्मिळ ते रक्त देऊन घेतो, हा त्याचा स्वभाव. टंचाई जिकडे गेली तिकडे लाइफ टॅप गेला.

उलट विचार करून बघा. लाइफ टॅपने खरंच मॅना दिला असता तर? दुसऱ्या टर्नला चौथ्या टर्नचा राक्षस पटावर. मॅनाची ती चढती शिडी हाच या खेळाचा कणा आहे. दुसऱ्या क्रमांकाने खेळणाऱ्याला 'कॉइन' मिळतो, त्यातून एका टर्नपुरता फक्त १ जादा मॅना, तोही सामन्यात एकदाच. तेवढ्यानेही सामने फिरतात. ड्रुइडच्या इनरव्हेट या फुकटच्या पानातून २ मॅना मिळायचा, तो २०१७ मध्ये कापून १ वर आणावा लागला. एका पानाने एवढा त्रास दिला. हिरो पॉवर तर दर टर्नला दाबता येते.

मधला एक टप्पाही सांगायला हवा, नाहीतर वॉववरून थेट फोनवर उडी मारल्यासारखं होईल. २००६ मध्ये वॉवचा कागदी पत्त्यांचा खेळ आला होता, आधी अप्पर डेकचा, नंतर क्रिप्टोझोइकचा, आणि २०१३ मध्ये तो बंद पडला. हार्थस्टोनच्या सुरुवातीच्या कित्येक पानांवरची चित्रं तिथूनच आलेली आहेत. त्या कागदी खेळात मॅनाच्या जागी 'रिसोर्स' होता, आणि तो तयार करायला हातातलंच एखादं पान पालथं घालावं लागायचं. हातानेच खर्च चालवायचा. पुढे डिजिटल खेळ करताना ही पद्धत टाकून दिली आणि मॅना फुकट केला. पान पालथं घालताना जीव कसा तुटायचा, हे त्या खेळाला हात लावलेल्यांना माहीत आहे. पान किती महाग असतं याचा धडा हार्थस्टोन करणाऱ्यांनी तिथूनच घेतला असावा, असा माझा कयास.

लातूरच्या पत्रात एक मुद्दा आलेला नाही, आणि माझ्या मते तोच मोठा. वॉवमध्ये मी प्रीस्ट होतो. चाळीस जणांच्या मोल्टन कोअरच्या रेडमध्ये वॉरलॉकने टॅप केला की त्याची हिरवी पट्टी धाडकन खाली, आणि ती भरायची कुणी? आम्ही. आमच्या मॅनातून. रक्त त्याचं दिसायचं, पण हिशेब नीट मांडलात तर तो आमच्या निळ्या पट्टीतून त्याची निळी पट्टी भरत होता. हीलर आणि वॉरलॉक यांच्यातली रेडमधली निम्मी भांडणं यावरूनच. आधी सांगून टॅप कर, बॉस आग ओकत असताना नको, असं किती जणांना विनवलं असेल. ऐकतो कोण?

हार्थस्टोनमध्ये हीलर नाही. तुम्ही एकटे, हेल्थ ३०, आणि समोर एक माणूस. तिथे २ गेले ते तुमचेच गेले. त्यामुळे माझं मत असं, की लाइफ टॅप खऱ्या अर्थाने महाग झाला तो पत्त्यांत. वॉवच्या कथेत वॉरलॉक आत्म्याचे सौदे करणारा म्हणून रंगवलाय, पण रेडमध्ये त्याच्या सौद्याचं बिल दुसऱ्याच्या नावाने फाटायचं. पत्त्यांत ते त्याच्याच नावाने फाटतं. फ्लेम इंप पटावर आणा, १ मॅनाला ३/२ चा (मार ३, हेल्थ २) चिवट पोरगा मिळतो आणि स्वतःच्याच हिरोला ३ चा मार. हेलफायर टाका, सगळ्यांना ३, त्यात तुम्हीही. डूमगार्ड आणलात तर हातातली दोन पानं फेकली जातात, कुठली ते तुम्ही ठरवायचं नाही.

या महागाईतून खेळाडूंनी काय काढलं ते बघण्यासारखं आहे. 'हँडलॉक' नावाचा डेक होता. त्यात माउंटन जायंट असायचा : ८/८ चा धिप्पाड, मूळ किंमत १२ मॅना, पण हातात दुसरं एकेक पान असेल तितका स्वस्त. आता हिशेब करू. तुम्ही पहिले खेळताय. सुरुवातीची ३ पानं, पहिल्या टर्नला उचललं की ४. काही खेळायचं नाही. दुसऱ्या टर्नला ५, टॅप करून ६. तिसऱ्याला ७, टॅप करून ८. चौथ्या टर्नला ९. त्यात एक जायंट, बाकीची ८. बारातून आठ गेले, राहिले चार, आणि तुमच्याकडे मॅना बरोबर ४! तीन टर्न पटावर काहीच न करता, स्वतःच्या अंगावर ४ चा मार ओढून, चौथ्या टर्नला ८/८. हा आकडा पहिल्यांदा कागदावर जुळला तेव्हा मला गणिताच्या पेपरात मिळाला नव्हता इतका आनंद मिळाला. जोडीला मोल्टन जायंट. तोही ८/८, मूळ किंमत २०, आणि तुमच्या हिरोने खाल्लेल्या प्रत्येक माराला १ ने स्वस्त. हेल्थ १० वर आला की फुकट. समोरचा मारायलाच घाबरायचा. २०१६ मध्ये त्याची किंमत २५ केली आणि ती मजा गेली.

दुसरं टोक म्हणजे 'झू'. एक-दोन मॅनाची चिल्लीपिल्ली भराभर टाकायची, हात रिकामा झाला की टॅप, पुन्हा टाकायची. एकाच हिरो पॉवरमधून हात भरून ठेवणारा आणि हात सतत रिकामा करणारा, असे दोन उलटे डेक. नऊ जणांत दुसऱ्या कुणाच्या हिरो पॉवरने हे साधलं, असं मला वाटत नाही. प्रीस्टचं २ हेल्थ भरणं त्यापुढे फारच गुळमुळीत, आणि हे मी प्रीस्ट असून म्हणतोय.

बाकीच्या क्लासशी ताडून बघू. रोगचा बॅकस्टॅब, म्हणजे पाठीत वार, गेल्या आठवड्यात झालाच. पटावर कुणाला पाठ नसते, म्हणून 'अजून ओरखडाही न पडलेला मिनियन' (पटावरचा शिपाई) ही पाठ धरली. वॉरियरचा एक्झिक्यूट त्याचाच जोडीदार. तिकडे शत्रूचा हेल्थ २० टक्क्यांखाली गेला की चालायचा, इकडे मिनियनला जखम झालेली असली की पुरे. दोन्ही झकास, पण त्यांत अट बदललीय, किंमत नाही. किंमत बदलणारा, वॉरलॉकच्या पंगतीला बसेल असा एकच, तो शामन. त्याचा ओव्हरलोड आपल्याकडे वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोडीला जाणारा मुकादमाकडून आधी उचल घेतो आणि पुढचा हंगाम फेडतो, तसं. लाइटनिंग बोल्ट १ मॅनात ३ चा मार देतो, पण पुढच्या टर्नला तुमचा एक मॅना कुलपात. गंमत अशी की वॉवमध्ये शामनचं लाइटनिंग ओव्हरलोड नावाचं एक कौशल्य आधीपासून होतं, आणि त्यात नशिबाने दुसरी वीज फुकट पडायची. फुकट देणारं नाव फेडायला लावणाऱ्या नियमाला दिलं. लातूरच्या गृहस्थांना रागवायचंच असेल तर त्यांनी इथे रागवावं, माझी हरकत नाही.

पत्त्यांवर मोठ्या कथेतले वीर चढवायचे, हा उद्योग आपल्याला नवा नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० पानं. चित्रं अशी की बघत राहावं. पण नरसिंहाचा राजा खेळात नरसिंहासारखं काहीच करत नाही, तो फक्त प्रधानाच्या वर. अवताराचा गुण नियमात उतरल्याची एकच खूण मला दिसते : दिवसा खेळायला बसलात तर सुरुवात रामाच्या राजाची, रात्री बसलात तर कृष्णाच्या राजाची. सूर्यवंशी आणि अष्टमीच्या मध्यरात्री जन्मलेला. एवढ्या एका नियमासाठी मी त्या अनाम खेळियाला हार्थस्टोनच्या टीममध्ये नोकरी दिली असती.

नांदेडहून एका विद्यार्थ्याने विचारलंय की हार्थस्टोन आपल्याकडे गंभीरपणे कुणी खेळतं का. खेळतं. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून ठेवले होते, आणि हार्थस्टोनमध्ये भुजच्या तीर्थ मेहताने भारताला कांस्य मिळवून दिलं. प्रात्यक्षिक असल्यामुळे ते अधिकृत पदकतक्त्यात धरलं गेलं नाही, एवढंच.

लातूरच्या पत्रात शेवटी एक ओळ आणखी आहे : सोल शार्ड कुठे गेले? जुन्या वॉरलॉकचा जीव त्यांच्यातच. मरणाऱ्या शत्रूचा आत्मा ओढायचा, त्याचा जांभळा खडा व्हायचा आणि बॅगेत एकेक घर अडवून बसायचा. हेल्थस्टोन करायला खडा, दूरच्या गड्याला बोलावून घ्यायलाही खडा. आमच्याकडे लोडशेडिंगमुळे वेळेवर कुणी पोचायचं नाही, त्यामुळे आमच्या वॉरलॉकचे निम्मे खडे आम्हाला गुहेच्या दाराशी आणण्यातच संपायचे. हार्थस्टोनमध्ये ते सहा वर्षं आलेच नाहीत. २०२० च्या स्कोलोमान्स अकॅडमी या पानांच्या नव्या संचात सोल फ्रॅगमेंट म्हणून आले, आणि वॉरलॉकला ते नंतर आलेल्या डीमन हंटर या क्लासबरोबर वाटून घ्यावे लागले. बॅग नाही, म्हणून ते डेकमध्ये पिसले जातात. उचलताना हाती लागला की हिरोचा हेल्थ २ ने भरतो आणि लगेच दुसरं पान मिळतं. लाइफ टॅपने जातात तेही दोनच. टॅप करताना नेमका फ्रॅगमेंट वर आला तर रक्ताच्या हिशेबात पान फुकट पडलं म्हणायचं. गृहस्थांनी तो डेक एकदा लावून बघावा. ट्यूशन सुटायच्या आत दोन डाव होतात.