काळा घोडा ते शिवाजी पार्क: वारसा यादीची तीस वर्षे

एप्रिल 1995 मध्ये राज्य सरकारने बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली मंजूर केली. तोवर आपल्याकडे कायद्याचे संरक्षण म्हटले की लेणी, किल्ले, जुनी देवळे आठवत. या नियमावलीने माणसे राहतात, दुकाने चालतात, कचेऱ्या भरतात अशा इमारतींना हात घातला. एकेका इमारतीबरोबर अख्खे परिसरही यादीत आले. भारतातल्या एखाद्या शहरासाठी असे पहिल्यांदाच घडत होते. इमारतींची तीन श्रेणींत वर्गवारी झाली आणि पाडकाम किंवा मोठा बदल करण्याआधी मुंबई वारसा संवर्धन समितीचे मत घेणे आले.

परिसर म्हणून जपण्याची गरज फोर्टमध्ये सहज पटते. 1860 च्या दशकात किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा गॉथिक इमारती उठल्या. पुढे 1930 च्या दशकात भराव घातलेल्या जमिनीवर, ओव्हल मैदानाच्या दुसऱ्या कडेला, आर्ट डेको घरांची रांग लागली. त्यातले एखादेच घर पाडून तिथे टॉवर बांधला, तर नुकसान त्या घरापुरते राहत नाही. सगळी रांगच बिघडते.

पहिल्या दशकात जे जमले ते लोकांनी पुढाकार घेतल्यामुळे. ओव्हलची दैना पाहून आसपासच्या रहिवाशांनी मैदानाची देखभाल अंगावर घेतली. 1998 मध्ये काळा घोडा असोसिएशन उभी राहिली; पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या कला महोत्सवाच्या पैशातून परिसराची डागडुजी होऊ लागली. दादाभाई नवरोजी रस्त्यावर कमानींवर चढलेल्या वेड्यावाकड्या पाट्यांना शिस्त लागली आणि 2004 मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात 94 इमारती आहेत, आणि आर्ट डेको इमारतींपैकी कितीतरी आजही लोकांची राहती घरे आहेत.

या यशाच्या शेजारीच वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची गोष्ट आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून 1860 च्या दशकात ही इमारत उभी केली. 1896 मध्ये ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती इथेच. यादीत नाव असूनही 2005 मध्ये तिच्या दर्शनी बाजूचा काही भाग कोसळला आणि 2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती रिकामी करावी लागली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली होती. अशा भाड्यात मालक प्लास्टर करणार कशाने? आणि पागडी भरून बसलेला भाडेकरू जागा सोडणार कशाला? शहर बेटावर अशा उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती एकेकाळी 19 हजारांहून अधिक होत्या. त्यातली एखादी यादीत गेली म्हणून तिचे छप्पर गळायचे थांबत नव्हते. गिरगावात खोताची वाडी यादीत होती, तरी तिथले जुने बंगले एकेक करून गेलेच.

म्हणून 2012 मध्ये शेकडो नव्या नावांची दुसरी यादी पुढे आली, तेव्हा शिवाजी पार्क आणि दादरच्या हिंदू कॉलनीतून कडाडून विरोध झाला. या लोकांचे जुन्या घरांवर प्रेम नव्हते असे नाही. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर म्हातारे आईवडील, झिरपणाऱ्या भिंती, आणि बिल्डरकडून मिळू शकणारी मोठी जागा असा सरळ हिशेब होता. वारशाच्या नावाखाली पुनर्विकास अडकेल ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. विकासहक्क हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची तरतूद नियमावलीत होती. पण तो लाभ मालकाचा, आणि राहणारा भाडेकरू.

तीस वर्षांचा निष्कर्ष सरळ आहे. जिथे सरकार, विद्यापीठ, बँका यांच्यासारखे मालक होते किंवा रहिवासी संघटित व सधन होते, तिथे परिसर टिकला. जिथे मालक हताश आणि भाडेकरू धास्तावलेला, तिथे यादीचा कागद तेवढा राहिला. पाडू नका, हे नियमावलीने नीट सांगितले. दुरुस्ती कोणाच्या खिशातून, हे मोघम ठेवले. यापुढे एखादी वाडी किंवा कॉलनी यादीत घालायची असेल, तर दुरुस्तीचा निधी आणि भाडेकरूचा वाटा हे दोन आकडे त्याच अधिसूचनेत लिहायला हवेत. नाहीतर हरकती नोंदवायला पुन्हा तीच गर्दी होईल, आणि तिचे म्हणणे पुन्हा खरे असेल.