ताळेबंद पेढीचा आणि माणसाचा

व्यापारात नफा-तोटा चालायचाच, असे आपण सहज म्हणतो. परंतु तोटा प्रत्यक्ष दारी आला की झोप उडते, अन्नावरची वासना जाते आणि घरातल्यांशी दोन शब्द बोलणेही जड होते. वहीतला तोटा मनात एवढा का वाढतो, याचा शोध डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) या अमेरिकी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर घेतला.

पिट्सबर्ग येथे जन्मलेले एलिस न्यूयॉर्कमध्ये वाढले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे बालपणातील बराच काळ रुग्णालयात गेला. स्वभाव इतका बुजरा की चार माणसांपुढे बोलण्याची धास्ती वाटे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला मुद्दाम सभांतून बोलायला भाग पाडले आणि ती भीती सरावाने ओसरली.

१९३४ साली त्यांनी व्यापारशास्त्राची पदवी घेतली, ती ऐन मंदीत. भावासह त्यांनी छोटा धंदा मांडला. ज्यांचे कोट अजून टिकून होते, त्यांना त्याला शोभतील अशा विजारी शोधून देण्याचा! पुढे १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून ते डॉक्टरेट झाले. प्रारंभी त्यांनी मनोविश्लेषणाचा मार्ग अनुसरला. पण बालपणीची कारणे उमगूनही रुग्णांचे दुःख हटत नाही, हे पाहून १९५५ मध्ये त्यांनी स्वतःची पद्धती मांडली. मराठीत ती ‘विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती’ या नावाने परिचित आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली.

तिचे सूत्र असे : घटना थेट दुःख देत नाही, घटना आणि परिणाम यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो. समजा, मोठी उधारी बुडाली. ‘पैसे मिळाले असते तर बरे झाले असते’ ही इच्छा झाली. तिच्यातून खेद उपजतो, काळजी वाटते. पण माणूस देणेकऱ्यांना भेटतो, खर्च आवरतो. ‘असे घडताच कामा नये, आता मी नालायक ठरलो’ हा हट्ट झाला. तो माणसाला अंधाऱ्या खोलीत कोंडतो. एलिस रुग्णाला विचारीत : या समजुतीला पुरावा काय? ती तर्काला धरून आहे का? तिने तुमचे भले होते का? मग घरी करायचा स्वाध्यायही देत. कृतीचे मोल करा, संपूर्ण माणसाचे करू नका, हा त्यांचा आग्रह असे. पेढीचा ताळेबंद हा माणसाचा ताळेबंद नव्हे.

एलिस धार्मिक नव्हते. त्यांचे ध्येय मोक्ष नव्हते. तेव्हा ही पद्धती आणि आपली साधना एकच, असे म्हणणे योग्य होणार नाही. तरीही क्रोध, मान, माया, लोभ या कषायांकडे स्वतःच्याच अंतरात पाहण्याची सवय ज्या श्रावक-श्राविकांना आहे, त्यांना हा मार्ग परका वाटू नये.

एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावी. खचलेल्या मुलाला ‘मन घट्ट कर’ एवढे सांगून भागत नाही. आबरूच्या भयाने त्याचे दुःख झाकू नये. निराशा गडद असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आली, तर त्याला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञाकडे तत्काळ न्यावे. औषधेही लागू शकतात. बुडालेली रक्कम पुन्हा मिळवता येते. माणूस गमावला तर तो कोणत्याही वहीत जमा होत नाही.