दहा फुटांची गाडी

आमच्या मुलांच्या खोलीत पोर्शे ९११चे मोठे चित्र लावलेले आहे. परवा धाकट्याने विचारले, "अब्बा, ही घेतली तर आपण सगळे मावू?" घेण्याचा प्रश्नच नव्हता, तरी आम्ही माहिती काढली. लांबी साडेचार मीटर, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन, ३८५ अश्वशक्ती, वेग ताशी २९३ किलोमीटरपर्यंत. मागची सीट मात्र लहान मुलांपुरतीच. दादींना तिथे बसवायचे तर घडी घालावी लागेल.

मग आम्ही त्याला जुन्या मिनीची गोष्ट सांगितली.

१९५६मध्ये नासिर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राईलने इजिप्तवर हल्ला केला, कालवा बंद पडला आणि इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आले. थोड्या पेट्रोलवर चालणारी, पण चार माणसांची खरीखुरी गाडी हवी होती. ती घडवली अॅलेक इसिगोनिस यांनी. हे गृहस्थ १९०६मध्ये उस्मानी सल्तनतीतल्या इझमीर शहरात जन्मलेले. १९२२च्या युद्धात घरदार सोडून निघालेले.

१९५९मध्ये आलेली मिनी जेमतेम दहा फूट लांब, म्हणजे पोर्शेपेक्षा सुमारे दीड मीटर आखूड. इंजिन ८४८ सीसीचे, ताकद ३४ अश्वशक्ती. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ठेवला, दोघांना तेलही एकच. चाके दहा इंची. अशी वाचलेली सगळी जागा त्यांनी माणसांना दिली. काचा सरकत्या असल्याने दारे पोकळ राहिली आणि त्यात सामान ठेवायला खण निघाले. मोठे इंजिन बसवलेल्या कूपर एसने तर १९६४मध्ये माँटे कार्लोची रॅलीही जिंकली!

तरी खरे सांगायचे तर अपघाताचा विचार केला की आम्ही आजच्याच गाडीत मुलांना बसवू. त्या मिनीत ना एअरबॅग, ना आजच्यासारखी मजबूत चौकट. वजन पोर्शेच्या निम्म्याहून कमी, ते काही फुकट मिळालेले नव्हते.

धाकट्याने लगेच टेप आणली. अंगणात खडूने दहा फूट बाय चार फूट सात इंचांची चौकट आखली, पुढचा भाग इंजिनासाठी सोडला आणि आम्हाला बसवले. दादीही आल्या. चौघे बसलो. दादींनी मागे वळून पाहिले आणि विचारले, "आणि माझी पेटी कुठं ठेवणार?"