मागितलेली भाकरी आणि थापलेली भाकरी

काही वर्षांपूर्वी एका प्रकरणाच्या निमित्ताने आम्ही एका खेड्यात गेलो होतो. तिथल्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या आपल्या समाजाच्या भगिनीच्या हातचे खायचे नाही, असे गावातल्या काही पालकांनी मुलांना बजावले होते. जबाब लिहून झाला. निघताना त्या माउलीने आग्रहाने बसवून घेतले, परात पुढे ओढली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "वकीलसाहेब, तांदूळ सरकारचा, मीठ-मिरची दुकानातली. त्याला विटाळ नाही. विटाळ फक्त माझ्या हाताला!"

रोटीबंदीचे सारे शास्त्र तिने एका वाक्यात सांगितले. जातिव्यवस्था अन्नाला भीत नाही, ती हाताला भिते. कोणी वाढायचे, कोणी मागायचे आणि कोणाच्या हातचे खायचे नाही, यावरच तिचा डोलारा उभा आहे. अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी आदेश दिला की, शाळेत अन्न शिजवणाऱ्यांच्या नेमणुकीत दलितांना, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. हा आदेश केवळ रोजगाराचा नाही. तो रोटीबंदीवरचा घाव आहे.

आपल्या आज्या-पणज्यांनी दुसरीच भाकरी पाहिली. येसकराची पाळी आली की दिवसभर गावकीची कामे करायची, सांगावे पोचवायचे आणि सांजच्याला दारोदार 'भाकरी वाढा माय' म्हणत हिंडायचे. टोपल्यात पडतील ते शिळेपाके तुकडे घरी आणायचे, उरले तर वाळवून ठेवायचे. त्यालाच 'हक्क' म्हणायचे! बाबासाहेबांनी हा हक्क नव्हे, ही गुलामगिरी आहे हे ओळखले. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच त्यांनी शिळ्या तुकड्यांचा प्रश्न घेतला. उष्टे खाऊ नका, मेलेले ढोर ओढू नका, असे बजावले. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले. मागितलेली भाकरी जाऊन थापलेली भाकरी आली, ती या लढ्यामुळे.

म्हणून आम्ही म्हणतो, घरी थापलेली भाकरी ही साधी गोष्ट नाही. पण आज आपल्या किती घरांत ती थापली जाते? शहरातल्या वस्तीत सकाळी पाव, संध्याकाळी हॉटेलची रोटी. मुले म्हणतात, भाकरी जमत नाही. न जमायला काय झाले? पावाला खमीर लागते, भट्टी लागते. भाकरीला खमीर नको, सोडा नको, तेल नको. पीठ, पाणी, तवा आणि हात, बस्स!

त्या माउलीकडून आम्ही शिकलो ते असे. ज्वारीचे पीठ ताजे हवे. फार दिवस पडून राहिले की त्याची विरी जाते आणि भाकरीला तडे जातात. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून पाणी उकळते घ्यायचे. त्याने पिठाला चिकटपणा येतो. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास पाणी ओतून उलथन्याने ढवळावे, थोडा वेळ झाकून ठेवावे आणि मग तळहाताने रगडून रगडून मळावे. इथे आळस केला की पुढे सगळे बिघडते. उंडा करून परातीत कोरडे पीठ भुरभुरावे आणि बोटांनी थापत, फिरवत गोल वाढवावा. कोरड्या पिठाची बाजू वर ठेवून भाकरी तापल्या तव्यावर टाकावी, वरून पाण्याचा हात फिरवावा. पाणी पुरते सुकायच्या आत उलटावी. दुसरी बाजू भाजली की थेट आचेवर धरावी. टम्म फुगली, पापुद्रा सुटला की समजावे, जमली. आमच्या पहिल्या चार-पाच भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या, हेही कबूल करतो.

आणि आणखी एक कबुली. चाळिशी ओलांडेपर्यंत आम्ही परातीला हात लावला नव्हता. सभेत समतेवर तासभर बोलायचे, २५ डिसेंबरला मनुस्मृती दहन दिन पाळायचा आणि घरी आल्यावर पत्नीने तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकायची. ही कसली समता? मनुस्मृती चौकात जाळून ती चुलीपाशी जिवंत ठेवायची का? कार्यकर्त्यांनो, रागावू नका. स्वतःला विचारा.

आता ज्वारीचेही सोवळे सुरू झाले आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि आपल्या सरकारने या धान्यांना 'श्री अन्न' असे नाव दिले. कालपर्यंत ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबाचे, अडाण्याचे खाणे होते. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो आपल्याच माणसांनी रांगेत उभे राहून आणली. त्या धान्याला कोणी 'श्री' लावले नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले, ते उगीच नाही.

नाव काहीही द्या, आमचा मुद्दा पोटाचा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्यही आहे. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. तरी ज्वारीच्या मुलखात पिशवीत बहुतेकदा गहू-तांदूळच पडतो आणि ज्वारी बाजारभावाने विकत घ्यावी लागते. कायद्यात लिहिलेले धान्य मागणे ही भीक नव्हे. दक्षता समित्यांत बसणाऱ्या आपल्या प्रतिनिधींनी ही मागणी लेखी नोंदवावी.

त्या माउलीने माघार घेतली नाही. ती शाळेत शिजवत राहिली आणि हळूहळू मुले तिच्या पंक्तीला बसू लागली. बंधू-भगिनींनो, येत्या रविवारी विहारातून परतल्यावर घरातल्या मुलाला आणि मुलीला एकाच परातीपुढे बसवा. भाकरी वाकडी झाली तरी चालेल. ती मागून आणलेली नसेल, एवढे पुरे.

जयभीम!