आधी बोजा उतरवा, मग गाडी दारात आणा

उसाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीकडच्या घराघरांत एक विषय हमखास निघतो – "यंदा काहीही होवो, चारचाकी घ्यायचीच!" पोरांचा हट्ट असतो, पाव्हण्यारावळ्यांत मान असतो, आणि खरी गरजही असते. आजारी म्हाताऱ्याला रात्री तालुक्याच्या गावी न्यायचे, बाळंतिणीला आणायचे, लग्नकार्याला सगळ्यांनी मिळून जायचे, तर मोटारसायकल पुरत नाही. तेव्हा गाडीची हौस करूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याने काय जन्मभर एस. टी.च्या फाट्यावरच उभे राहावे?

प्रश्न हौसेचा नाही, क्रमाचा आहे. अंगावर देणे असताना गाडी आणायची, की देणे फेडून आणायची? चला, कागद-पेन्सील घेऊन बसू. घरच्या बाईलाही बोलवा. कारण दुधाचा हिशेब, किराण्याची उधारी आणि गहाण पडलेल्या दागिन्यांची तारीख बहुधा तिच्याच ध्यानात असते.

एका घराचा हिशेब

चार एकर बागायत आणि दोन गाई असलेले एक कुटुंब नमुन्यादाखल धरू. दोन एकर उसाचे ८० टन, टनाला ३,००० रुपये धरले तर २,४०,००० रुपये. सोयाबीन व हरभरा मिळून १,४०,०००. दुधाचे वर्षाचे १,७०,०००. एकूण जमा झाली ५,५०,०००.

आता खर्च. बी-बियाणे, खते, मजुरी, वीज-पाणी मिळून १,८०,०००. जनावरांचा चारा, पेंड व औषधपाणी ९०,०००. घरखर्च, शाळा, सणवार, दवाखाना १,४०,०००. म्हणजे ४,१०,००० गेले. हाती राहिले १,४०,००० रुपये. सोसायटीचे पीककर्ज दरसाल काढायचे व दरसाल भरायचे असते, म्हणून ते येथे वेगळे धरलेले नाही.

गाडीसाठी ६ लाखांचे कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,७५० रुपये येतो. वर्षाचे झाले १,५३,०००! शिल्लक आहे १,४०,०००. अजून पेट्रोल भरलेले नाही, विमा उतरवलेला नाही. वर्षाला सहा हजार किलोमीटर गाडी फिरली तरी इंधन, विमा आणि दुरुस्ती धरून ५०-५५ हजार रुपये लागतात. ते कोठून आणायचे? शेवटी खताच्या पैशांतून, नाहीतर दागिन्यांतून.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जी. एस. टी. १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे अनेकांना मोह पडला आहे. पण गाडीची किंमत उतरली तरी आपल्या शेताचे उत्पन्न त्या दिवशी वाढले नाही, हे ध्यानात असू द्या.

कोणते देणे आधी?

याच कुटुंबावर तीन देणी आहेत असे समजा. खासगी सावकाराचे ७५,०००, शेकडा तीन रुपये महिना दराने. कृषी सेवा केंद्राची उधारी ३०,०००. आणि दागिन्यांवर काढलेले ६०,०००, साल १२ टक्क्यांनी.

"शेकडा तीन" ऐकायला थोडे वाटते. पण साल धरले तर ते ३६ टक्के होतात! ७५ हजारांवर वर्षाला २७,००० रुपये नुसते व्याज. हे देणे सर्वांत आधी काढून टाकावे.

पहिल्या वर्षी सावकाराचे मुद्दल व व्याज १,०२,०००, दुकानाची उधारी ३०,००० आणि दागिन्यांवरचे व्याज ७,२००, मिळून १,३९,२०० रुपये भरावेत. शिल्लक जवळजवळ संपली. पण दोन देणी मिटली. दुसऱ्या वर्षी ६७,२०० भरून दागिने सोडवून घरी आणावेत. उरलेले ७२,८०० रुपये अडीअडचणीसाठी बँकेत वेगळे ठेवावेत. एखाद्या साली पाऊस दगा देतो, गाय दगावते, भाव पडतो. तेव्हा हीच गंगाजळी पुन्हा सावकाराच्या दारात जाऊ देत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचे मिळून २,८०,००० रुपये गाडीसाठी जमतात. या पैशांत चांगली, पारखून घेतलेली जुनी गाडी रोखीने येऊ शकते. सहा लाखांची नवीच हवी असेल तर ३,२०,००० चे कर्ज काढावे लागेल. हप्ता बसेल सुमारे ६,८०० रुपये, वर्षाचे ८१,६००. गाडीचा चालू खर्च ५५,००० धरला तर १,४०,००० मध्ये हे बसते. पण वर्षाअखेर हाती साडेतीन हजारसुद्धा राहत नाहीत. म्हणून आणखी एक साल कळ काढावी, हे बरे.

पीककर्जाला हात लावू नका

तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले, तर केंद्र सरकारची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांमुळे ते शेतकऱ्यास बिनव्याजी पडते. इतका स्वस्त पैसा दुसरीकडे नाही. पण हे पैसे गाडीच्या आगाऊ रकमेत घातले आणि मुदत चुकली, की सवलत जाते, थकबाकीदार म्हणून नाव लागते आणि पुढच्या हंगामाचे कर्ज अडते.

दुसरी गोष्ट हप्त्याची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत, आणि उशीर झाल्यास साल १५ टक्के व्याज. तरीही बिल लांबल्याचा अनुभव पुष्कळांना आहे. गाडीचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेलाच खात्यातून जातो. म्हणून उसाच्या नव्हे, दुधाच्या पैशांतून निघेल एवढाच हप्ता बांधावा. पिकाप्रमाणे सहामाही हप्ता बांधून मिळेल का, तेही कर्ज घेण्यापूर्वी विचारावे.

व्याजातली मेख

कर्ज देणारा "दहाच टक्के" म्हणाला, की लगेच सही करू नका. "घटत्या शिलकीवर, की सरसकट?" एवढे विचारा. सहा लाखांवर पाच वर्षे घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी व्याज होते सुमारे १,६५,०००. तेच सरसकट धरले, तर फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते आणि ते होते ३,००,०००! हप्ता १५,००० वर जातो. हा दर खरे म्हणजे सव्वासतरा टक्क्यांच्या घरातला आहे.

फेडले, तरी कागद सोडवा

देणे फेडले म्हणजे काम संपले असे नाही. सोसायटी किंवा बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन सातबाऱ्यावरील "इतर हक्क" या रकान्यातला बोजा कमी करून घ्या. सावकाराकडून पावती, कोरे धनादेश आणि सही केलेले स्टँप पेपर परत घ्या. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. कोणी नाडत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे अर्ज करा. गाडीचे कर्ज फिटल्यावरही बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आर. टी. ओ.कडे आर. सी.वरील बँकेचे नाव काढावेच लागते.

कागदाचे महत्त्व आपल्या मुलखाला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. आपल्याला वह्या जाळावयाच्या नाहीत. स्वतःची वही लिहावयाची आहे, एवढेच.

या आठवड्यात एक दोनशे पानी वही आणा. पहिल्या पानावर सगळी देणी, त्यांचा साल व्याजदर आणि मुदतीची तारीख लिहा. जास्त व्याजाचे देणे सर्वांत वर. फिटेल तसे त्यावर रेघ मारीत चला. शेवटच्या देण्यावर रेघ पडेल, त्या दिवशी पुढच्या पानावर खुशाल गाडीचे नाव लिहा. पोरांना तिचा रंग आत्ताच ठरवू द्या. त्याला काही पैसे पडत नाहीत.